फुंकरीविना

माझा बाप डोळे बनवायचा.
काचेचे. खाणीत, युद्धात,
कुणाकुणाच्या भांडणात गेलेल्या डोळ्यांच्या जागी बसवायला.
लाउशाच्या उतारावर आमचं घर,
भिंतींनाही छपरासारखीच काळी पाटी ठोकलेली;
तळघरात ज्योत, ज्योतीसमोर फोल्कमार,
ओठांत नळी, गाल फुगलेले.
गिऱ्हाईक समोर बसवून तो निळा जुळवायचा:
"खिडकीकडे बघा. आता माझ्याकडे.
आता कुठेच नको."

मी येनात असते. माझी काच
आधी काच नसतेच.
बाटलीतून काकवीसारखी ओघळते,
साच्यात आळते, रबर होते,
केक भाजायच्या त्या लवचीक भांड्यांची सख्खी बहीण.
दाबली तर दबते,
सोडली की विसरते.

मग भट्टी.
हवा पार हाकलून आत आरगॉन.
एक श्वास जरी मागे राहिला
तर कार्बन जळून जातो
आणि हाती येतो पांढरा भुगा.
मिनिटाला एक अंश, अकराशेपर्यंत:
म्हणजे एक अख्खी रात्र
आणि तिच्या दोन्ही टोकांना थोडा थोडा दिवस.
चारशेच्या पुढे ती सोडायला लागते,
मिथेन, हायड्रोजन,
रबरपणाचं जे जे असेल ते.
मी खुर्चीत पेंगते. आकडा चढत राहतो.

बाहेर येते ती काळी.
दहाची सात झालेली,
आणि बहुतेकदा तडकलेली.
जरा जाड झाली की आतल्या वायूला वाट मिळत नाही,
तो स्वतःच वाट करतो.
मार्चपासून एकतीस. सगळ्या वहीत आहेत,
तारखेसकट, तडा कुठून कुठे गेला त्यासकट.

बत्तिसावी मीरियामने नखाने वाजवली.
टण्ण.
आम्ही दोघी काहीच बोललो नाही.
तिने परत वाजवली.

नाताळाआधीच्या रविवारी ती रुमालात गुंडाळून घरी नेली.
बापाने दिव्यासमोर धरली.
"यातून काही दिसत नाही."
"दिसायचं नाहीच."
"फुंकर कुठे मारलीस?"
"मारली नाही. फुंकरीने ती मरते."
त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला.
"कुणाचाच श्वास नाही, आणि म्हणे काच."

मी समजावू लागले:
साध्या काचेत ऑक्सिजनला दोनच हात,
तापली की पकड ढिली होते, काच वाहते;
यात मध्ये मध्ये कार्बन आहे,
त्याला चार हात, तो सोडत नाही,
आणि...
तोवर त्याने चिमट्यात पकडून
ती ज्योतीत धरलीसुद्धा.

काच कधी हार मानते
हे पन्नास वर्षं त्याला रंगावरून कळत आलंय,
आमच्याआधी, काचेच्याही जरा आधी.
तो थांबला.
लाल झाली. नारिंगी झाली.
कड जिथल्या तिथे.
तो पुढे वाकला, आणि मला दिसलं,
नळी ओठांत नव्हती
तरी त्याचे गाल फुगलेले होते.

शेवटी विटेवर ठेवली.
निवताना ती पुन्हा काळी झाली, घराच्या भिंतीइतकी.
"हट्टी आहे," म्हणाला.
"कुणावर गेलीय कुणास ठाऊक."

जानेवारीत फोन आला.
आधी बर्फाचं, मग गुडघ्याचं, मग शेजारच्या कुत्र्याचं झालं.
"तुझी ती काळी.
तिच्यावर मी गरम बुबुळ टेकवून बघतो.
अजून चिकटलं नाही."
मी थांबले.
"आणखी एक कर. लांबट.
धरायला बरी पडेल अशी. जाडसर."

जाडसर म्हणजे तडकणार.
हे मी त्याला सांगितलं नाही.
हो म्हणाले,
आणि वहीत लिहिलं: तेहेतीस.